तांदळाच्या डब्यातला रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय 39. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. लग्नाला 20 वर्षं झाली. मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे, मुलगा 10 वर्षांचा. मिस्टर ट्रकवर असतात, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेरच. गेल्या महिन्यात आशाताई आम्हा बायकांना तपासणी शिबिराला घेऊन गेल्या. तिथे पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. रिपोर्टवर 'हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह' असं लिहिलंय, खाली '16 व 18 निगेटिव्ह, इतर पॉझिटिव्ह'. सिस्टरनी पुढच्या तपासणीला बोलावलंय, पण मी गेले नाही. मोबाईलवर बघितलं तर हे संबंधातून होतं असं दिसलं. मॅडम, नवऱ्याशिवाय मला दुसरा पुरुष माहीत नाही. मग हे आलं कुठून? त्यांनी बाहेर काही केलं असेल का? आणि उलट त्यांनी मलाच विचारलं तर? रिपोर्ट मी तांदळाच्या डब्यात तळाशी घालून ठेवलाय. हा कॅन्सर आहे का? माझे कपडे, टॉवेल मी वेगळे धुते. मुलीला शेजारी घेऊन झोपायची भीती वाटते. शाळेत मुलींच्या लसीबद्दल सांगत होते, पण जाऊबाई म्हणतात त्या लसीनं पुढे मूल होत नाही, आणि काही वर्षांपूर्वी मुली मेल्याही होत्या. काय करू?

– एक वाचक

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातल्या एका वाक्याशी मी अडकले : 'सिस्टरनी बोलावलंय, पण मी गेले नाही.' तुमच्या पॉझिटिव्ह रिपोर्टची मला जेवढी काळजी वाटत नाही तेवढी या वाक्याची वाटते. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक ऐकून घ्या. तुम्हाला कॅन्सर झालाय असं हा रिपोर्ट म्हणत नाही. पिशवीच्या तोंडाशी एक विषाणू सापडला आहे, तेव्हा तिथली कातडी नीट बघून घ्यायला हवी, एवढंच तो सांगतो. ते बघून घेणं तेवढं राहिलंय.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एकटादुकटा विषाणू नाही, दोनशेहून जास्त प्रकारांचं मोठं खटलं आहे. लहान मुलांच्या हातापायावर चामखीळ येते ना, तीही याच खटल्यातल्या कुणामुळे तरी आलेली असते. यातले काही प्रकार जननेंद्रियांच्या जागच्या नाजूक कातडीत राहतात. त्यांतल्या साधारण डझनभर प्रकारांना 'हाय रिस्क' म्हणतात, कारण ते वर्षानुवर्षं तळ ठोकून राहिले तर पिशवीच्या तोंडाच्या पेशी बिघडवू शकतात. सगळ्यात द्वाड 16 आणि 18 नंबरचे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के या दोघांच्या माथी आहेत. 16 नंबरचा प्रकार या कॅन्सरच्या गाठीत पहिल्यांदा सापडला 1983 साली, जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना. त्या कामासाठी त्यांना 2008 साली नोबेल मिळालं. तुमच्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही नाहीत. जो कोणी आहे तो बाकीच्यांपैकी आहे. म्हणून दुर्लक्ष करायचं असं नाही, पण घाबरून रात्र रात्र जागण्यासारखंही काही नाही.

या विषाणूची लागण होणं आणि कॅन्सर होणं यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. दहातल्या साधारण नऊ जणींच्या अंगातून दोनेक वर्षांत तो आपोआप निघून जातो, औषध न घेता, कळतसुद्धा नाही. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो. तिथूनही थेट कॅन्सर होत नाही. आधी पेशी थोड्या बिघडतात, मग जास्त, आणि कॅन्सरपर्यंत जायला सहसा 15 ते 20 वर्षं जातात. आज आठवीत असलेली तुमची मुलगी शिकून, नोकरीला लागून, स्वतःच्या लेकराला बालवाडीत सोडायला जाईल, एवढा काळ. एचआयव्हीमुळे किंवा इतर कारणानं प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर हाच काळ 5 ते 10 वर्षांवर येतो, म्हणून एचआयव्हीची तपासणी कधी केली नसेल तर या वेळी तीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. एवढी वर्षं हाताशी असतात म्हणूनच हा आजार अडवता येतो. बाकी किती कॅन्सर आपल्याला अशी सवड देतात?

आणि तरीही भारतात 2022 या एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि 80,000 च्या आसपास बायका त्यानं गेल्या. वीस-वीस वर्षं सवड देणारा आजार एवढ्या जणींना कसा नेतो? दवाखाना लांब असतो, पैसे नसतात, शेतातली मजुरी बुडते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तीस वर्षं बायकांना तपासल्यावर मला आणखी एक कारण फार ठळक दिसतं, आणि ते तुमच्या तांदळाच्या डब्यात आहे.

तर हा आला कुठून? तुम्ही पत्रात तीन वेळा वळणं घेऊन हेच विचारलंय. खरं उत्तर असं की, हे कोणालाच सांगता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, आणि त्या कागदालाही नाही. एचपीव्ही कातडीला कातडी लागून पसरतो आणि संबंध सुरू झालेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच. एकाच माणसाशी आयुष्यभर संसार करणाऱ्यांनाही लागतो. पुरुषाला तो लग्नाच्या कितीतरी आधी लागलेला असू शकतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण खूण दिसत नाही, दुखत नाही, खुपत नाही. त्याच्याकडून बायकोला आला तर कधी कधी तो तिच्या अंगात इतका थोडा उरतो की तपासणीत सापडतच नाही, आणि वर्षांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. तुमचा विषाणू गेल्या वर्षीचा आहे की लग्नाच्या पहिल्या वर्षीचा, हे ठरवणारी कुठलीही चाचणी आज जगात नाही.

मी तुमच्या मिस्टरांची वकिली करत नाहीये. ते वीस वर्षं कसे वागले हे मला माहीत नाही. पण या रिपोर्टलाही ते माहीत नाही, आणि ज्याला जे माहीत नाही त्याची साक्ष काढून संसार पेटवू नये. त्यांनी उलट तुम्हाला विचारलं तर तेव्हाही हेच उत्तर लागू आहे.

आता माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना ती सारखी डोळ्यांपुढे येत होती. पुष्कळ वर्षं झाली. मी नुकती शिकून बाहेर पडले होते. ओपीडीत एक बाई आल्या, वय चाळिशीच्या आत, हिरवं लुगडं, हातात शेतातल्या कामानं पडलेले घट्टे. अंगावरून पांढरं जायचं म्हणून आल्या होत्या. तपासलं तर पिशवीच्या तोंडावर डाग दिसला, तुकडा घ्यायला हवा होता. मी त्यांना पुढच्या मंगळवारी बोलावलं. त्यांनी विचारलं, "कशानं होतंय हे बाई?" आणि मी पुस्तकात होतं तसं उत्तर दिलं, "लैंगिक संबंधातून." मध्ये फक्त एक कापडी पडदा होता. पलीकडे बाकड्यावर आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्यात त्यांची नणंद होती. त्या मंगळवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आल्या त्या तीन वर्षांनी, रक्तस्रावानं पांढऱ्याफटक पडलेल्या, आणि तेव्हा आजार पिशवीच्या बाहेर पसरला होता. सोबत आलेल्या मुलानं सांगितलं की घरात त्या दिवशी 'असले रोग कसल्या बायकांना होतात' यावर भांडण झालं होतं आणि आईनं केसपेपर चुलीत घातला होता.

मी वाक्य खोटं बोलले नव्हते. पण अर्धं बोलले होते. 'हा जवळजवळ सगळ्यांना होतो, तुमचा यात काही दोष नाही' हे उरलेलं अर्धं मी त्या दिवशी बोलले असते तर त्या मंगळवारी आल्या असत्या, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून मी ते आधी बोलते.

आता तुमच्या मंगळवारचं बघू. पुढच्या तपासणीत काय करतात ते नीट सांगते, म्हणजे टेबलावर झोपताना अंग आकसणार नाही. पाळी संपून चार-पाच दिवस झाल्यावर जा. आधीचे दोन दिवस संबंध टाळा, आत कसलंही मलम किंवा गोळी ठेवू नका. तिथे एका साधनानं योनीमार्ग थोडा उघडा ठेवतात, तोंड दिसावं म्हणून. गार लागतं, ताण जाणवतो, सहसा फार दुखत मात्र नाही. अंग सैल सोडून तोंडानं सावकाश श्वास घेतलात तर आणखी सोपं जातं. मग कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावतात. नावाला घाबरू नका, आपलं व्हिनेगर ते हेच. खोलीत लोणच्यासारखा आंबट वास येतो, किंचित चुरचुरतं. मिनिटभर थांबायचं. पेशी चांगल्या असतील तर तोंड गुलाबीच राहतं. बिघडलेल्या असतील तर तेवढाच भाग दुधावर साय धरावी तसा पांढरा दिसू लागतो. याला व्हीआयए म्हणतात. काही ठिकाणी हेच कॉल्पोस्कोप नावाच्या मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघतात, किंवा पॅप तपासणीसाठी पेशी घेतात. डाग दिसला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. चिमटा बसल्यासारखं होतं, दोन-चार दिवस थोडं रक्त जातं. उठून चालत घरी येता येतं.

काही दिसलं नाही, तर वर्षभरानं पुन्हा तपासून विषाणू गेला की आहे ते बघायचं. वाईट बिघाड दिसला, तर तेवढा भाग गरम सळईसारख्या उपकरणानं अर्ध्या-एक मिनिटात जाळतात किंवा बारीक तारेच्या फासानं काढतात. पहिल्याला बहुतेकदा भूलही लागत नाही, दुसऱ्याला तेवढ्या जागेपुरती देतात. महिनाभर संबंध टाळायचे, पाण्यासारखा स्राव जातो तो आपोआप थांबतो. कॅन्सर व्हायच्या आधीच विषय संपतो.

'एकदाची पिशवीच काढून टाकू' असा सल्ला कुणी दिला, तर तिथून सरळ उठून या आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टवर पिशवी काढायची नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे, 2019 साली सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. बायकांच्या मनातल्या कॅन्सरच्या भीतीचा तिथे पुरेपूर वापर झाला. याचा मला आजही संताप येतो. तसंच विषाणू 'मारणारी' गोळी, काढा, पावडर, प्रतिकारशक्तीचं महागडं पाकीट, यातलं काहीही घेऊ नका. एचपीव्हीला मारणारं औषध नाही. बिघडलेल्या पेशींवर उपचार आहे, आणि तो पुरतो. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती सुटायला हवी, तंबाखूच्या धुरानं विषाणूला मुक्काम करायला मदत होते. तुम्ही मिश्री लावत असाल तर तीही सोडा, ती तोंडाच्या कॅन्सरचं घर आहे.

ही तपासणी म्हणजे शहरातल्या लोकांचं काहीतरी खूळ, असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांना धाराशिवची गोष्ट सांगा. तेव्हा त्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या लोकांनी 1999 पासून तिथली 52 गावगटं निवडली आणि 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना सामावून घेतलं. काही गटांत एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, काहींत इतर प्रकारच्या, आणि काहींत नेहमीची व्यवस्था तशीच ठेवली. 2009 साली आकडे बाहेर आले. एचपीव्ही तपासणीचा गट आणि नेहमीच्या व्यवस्थेचा गट, दोन्हीकडे तीस हजारांहून जास्त बायका होत्या. नेहमीच्या व्यवस्थेत या कॅन्सरनं 64 जणी गेल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. आयुष्यातून एकदाच केलेली एक तपासणी! आज जगभर तिशीनंतर एचपीव्हीची तपासणी करा असं सांगतात, त्याच्या पायाशी या मराठवाड्यातल्या बायका आहेत. त्याही आधी घाबरल्याच असतील. पण आल्या.

टॉवेल वेगळा धुवायची गरज नाही. ताटवाटी, अंथरूण, संडास, यातून घरातल्यांना हा लागेल अशी भीती धरू नका. मुलीला आज रात्री जवळ घेऊन झोपा. तुम्ही अशा लांब राहिलात तर तिला त्याचा अर्थ कळणार नाही, नुसतं लागेल.

मिस्टरांशी संबंध बंद करायचीही गरज नाही. निरोधनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण निरोध झाकतो त्याच्या बाहेरच्या कातडीतही हा असतो. त्यांची तपासणी करायची का? पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही आणि लक्षण नसेल तर उपचारही नाही. त्यांना तिथे चामखिळीसारखं काही दिसलं तर मात्र त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

त्यांना सांगायचं कसं, हे कदाचित तुम्हाला सगळ्यात अवघड वाटत असेल. फोनवर सांगू नका, ते गाडी चालवत असताना तर मुळीच नको. घरी आल्यावर, जेवणं होऊन मुलं झोपल्यावर बोला. रडत सुरुवात केलीत तर त्यांना वाटेल काहीतरी लपवताय. शब्द हवे असतील तर हे घ्या : "अहो, शिबिरात माझ्या पिशवीच्या तोंडाशी एक विषाणू सापडलाय. डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो, कधी लागला ते कळत नाही. कॅन्सर नाही. होऊ नये म्हणून अजून एक तपासणी करायचीय. तुम्ही पुढच्या खेपेआधी एक दिवस काढा, माझ्याबरोबर चला." शेवटचं वाक्य गाळू नका. नवऱ्याला काम दिलं की त्याचं डोकं संशयाकडे कमी धावतं. आणि 'कोणामुळे' हा प्रश्न त्यांनी काढलाच, तर डॉक्टरांसमोर काढू द्या. ती आमची जबाबदारी आहे, ती तुम्ही एकटीनं उचलायची नाही.

एक मात्र आहे. घरात मारहाण होत असेल, किंवा सांगितल्यावर होईल अशी भीती असेल, तर सांगायची सक्ती तुमच्यावर कुणाचीही नाही. तपासणी तुमची, शरीर तुमचं. आशाताईंना बरोबर घेऊन जाऊन या. महिलांसाठीचा 181 हा क्रमांक मोबाईलमध्ये घालून ठेवा.

आता लेकीच्या लसीकडे येते. जाऊबाईंवर चिडू नका, त्या बोलल्या त्याच्या मागे एक खरी घटना आहे. 2009 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना ही लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यातल्या सात मुली पुढच्या काही महिन्यांत गेल्या आणि देशभर गदारोळ झाला. चौकशीत निघालं की मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता, कुणी बुडून गेली होती, कुणाला साप चावला होता. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. कित्येक ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. गरिबाच्या मुलीला काय टोचताय हे तिच्या आईला न सांगणं हा मोठा अपराधच होता, आणि त्यानंतर लोकांचा विश्वास उडाला यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. 2010 मध्ये सरकारनं एचपीव्ही लसीचे सगळे अभ्यास थांबवले.

त्या थांबण्यातून एक अशी गोष्ट कळली जी कुणीच शोधायला निघालं नव्हतं. त्याच वेळी देशातल्या नऊ ठिकाणी, आपल्याकडे बार्शी, पुणे आणि मुंबईत, एक वेगळा अभ्यास चालू होता. दोन डोस पुरतात की तीन लागतात एवढंच त्यात बघायचं होतं. मध्येच थांबवल्यामुळे सुमारे 4,950 मुलींना एकच डोस मिळाला होता, पुढचा मिळालाच नाही. डॉक्टरांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनी, 2021 साली, निकाल छापून आला. 16 आणि 18 नंबरच्या मुक्काम ठोकणाऱ्या लागणीपासून एका डोसनं 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, दोन-तीन डोस घेतलेल्यांच्या बरोबरीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 च्या डिसेंबरात 9 ते 20 वयासाठी एक डोसही चालेल असं जाहीर केलं, त्यामागच्या पुराव्यांमध्ये आपल्या या मुलींचा मोठा वाटा आहे. त्यातल्या कित्येकींची लग्नं झाली, मुलं झाली. जाऊबाईंना हे जरूर सांगा.

मूल न होण्याबद्दल : या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या वरच्या टरफलासारखं प्रथिन तेवढं बनवलेलं असतं, आत काही नाही. शरीर ते टरफल ओळखायला शिकतं आणि खरा आला की दारातच धरतं. जगात 27 कोटींहून जास्त डोस वाटून झाल्यावर, 2017 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीनं सगळी माहिती तपासली, वंध्यत्वाशी संबंध आढळला नाही. दंड दुखतो, एखादीला ताप येतो, एखादी मुलगी सुई बघून चक्कर येऊन पडते. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. स्कॉटलंडमध्ये 12-13 व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत, आणि 2024 सालच्या पाहणीत त्यांच्यापैकी एकीलाही हा कॅन्सर झालेला आढळला नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिरव्या लुगड्यातल्या त्या बाईंची आठवण झाली.

लस आता आपल्या पुण्यातही बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला 2022 साली परवानगी मिळाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर काम करते, त्यातले पहिले दोन चामखिळीचे. खासगीत घेतली तर 9 ते 14 वयासाठी सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, त्यापुढे तीन. सरकारी लसीकरणात तुमच्या भागात काय चालू आहे ते आधी आशाताईंना विचारा, मोफत मिळत असेल तर पैसे कशाला घालवायचे? तेरावं वर्ष हे अगदी योग्य वय आहे. विषाणूशी गाठ पडायच्या आधी लस घ्यायची असते, म्हणून ती लहान वयात देतात. 'एवढ्या लहान पोरीला असल्या रोगाची लस?' असं कुणी म्हणेल. धनुर्वाताचं इंजेक्शन आपण गंजका खिळा पायात घुसायची वाट बघत ठेवत नाही. लेकीला समजावताना एवढंच सांगितलं तरी पुरे : मोठेपणी पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून हे. मुलालाही 9 वर्षांनंतर देता येते, पुरुषांना यातून घशाचे आणि इतर कॅन्सर होतात. हात आखडता असेल तर आधी मुलीची. लस घेतली तरी तिशीनंतर तिनंही तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. तुम्हाला स्वतःला मात्र लसीचा आता फारसा उपयोग नाही. असलेली लागण ती घालवत नाही.

तुमच्या जवळ मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण रुग्णालयातून तिथल्या स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी मागा. जाताना जाऊबाईंनाही घेऊन जा, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं ही तपासणी करायची असते, त्यांचीही होऊन जाईल. सासूबाईंना एक विचारून ठेवा, पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून लाल गेलंय का? गेलं असेल तर त्यांनाही त्याच दिवशी न्या, तिथे शिबिराची वाट बघू नका.

रिपोर्ट डब्यातून काढलात की एका साध्या फाईलमध्ये घाला. वरच्या कोपऱ्यात पुढच्या तपासणीची तारीख पेननं लिहा, आणि खाली लेकीच्या लसीची. मिस्टर या खेपेहून कधी परततायत ते मला माहीत नाही, पण पाळीची तारीख तुम्हाला माहीत आहे. ती संपेल त्या दिवसात पाच दिवस मिळवा. तपासणीत काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघते.